दोन्ही पायांना

लाल होती. बोटभर रुंद, खरखरीत, एका कडेला वाळलेलं शेण — खोकल्याची गोळी शोधायला कोटाच्या खिशात घातलेला हात गोळीऐवजी ही पट्टी घेऊन वर आला, आणि रॉयस कॉलबर्न तिच्याकडे नुसता पाहत राहिला. समोर विधानसभेच्या अध्यक्षांनी हातोडा आपटला, सगळे सदस्य प्रार्थनेला उभे राहिले, तसा तोही राहिला. मान खाली घातली. पाद्री देवाकडे कुणासाठी काय मागत होता ते कानांवर पडत होतं, पण आत जात नव्हतं. आत एकच चाललं होतं — ही इथे कशी? हिची जागा गोठ्यात, विनी गाईच्या पायावर. विनीच्या पायावर असायला हवी ती माझ्या खिशात कशी?

'आमेन,' सगळे म्हणाले. तोही म्हणाला. पट्टी मुठीत दाबून खाली बसला.

व्हरमाँटच्या या डोंगरांत कुठल्याही गोठ्यातल्या शेंबड्या पोराला विचारा, लाल पट्टी म्हणजे काय ते सांगेल. गाईला औषध दिलं की मागच्या पायाला पट्टी. पट्टी असेतो तिचं दूध वेगळ्या बादलीत आणि बादली गटारात. टाकीत थेंबसुद्धा जाता कामा नये, नाहीतर सगळी टाकी नासली. कॉलबर्नांच्या गोठ्यात मात्र एका पट्टीवर भागत नसे. तिथे दोन्ही पायांना. कारण धार काढायला बसणारा कधी उजवीकडून शिरतो, कधी डावीकडून, आणि पहाटेच्या घाईत माणूस नाकासमोर दिसतं तेवढंच बघतो. हा नियम बाबांचा. एल्विन कॉलबर्नांचा. 'माझ्या गोठ्यात तोंडी निरोपावर दूध चालत नाही,' ते म्हणायचे, 'माणूस विसरतो. पट्टी नाही विसरत.' गावातले लोक हसायचे त्यांना. कॉलबर्नांच्या गाई मोजे घालतात म्हणायचे.

काल संध्याकाळी... थांब, नीट आठव. काल संध्याकाळी राजधानीतून, माँटपिलिअरहून घरी पोचायला उशीर झाला होता, कारण बर्फ वितळून झालेल्या मार्चच्या चिखलात गाडी चढावर रुतली होती, आणि गोठ्यात दिवे लागले होते, आणि कोट अंगात तसाच होता — अंत्ययात्रांसाठी घेतलेला आणि आता निवडून आल्यापासून रोज अंगावर चढणारा कोट. लोर्ना पलीकडच्या रांगेतून ओरडली होती, 'विनीची कास दगडासारखी लागतेय, बघ जरा.' लोर्ना म्हणजे बायको. ती ओरडते तेव्हा कारण असतं. त्याने हात लावून पाहिला. दगडीच होती. सडात औषधाची नळी रिकामी केली, भिंतीवरच्या खिळ्यावरून दोन पट्ट्या ओढल्या, वाकला — वाकला होता हे नक्की, कारण कंबरेतून कळ आली होती — आणि दूधघरातला फोन वाजायला लागला. पक्षाच्या प्रतोदाचा. उद्या हजर राहा, उद्या बोला, उद्या एकेक मत मोलाचं आहे. मोलाचं! दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या मताला गावच्या पेंडीच्या दुकानातही कुणी विचारत नव्हतं, आणि आता प्रतोद गोठ्यात फोन करत होता, आणि खरं सांगायचं तर ते त्याला आवडलं होतं. धावतच गेला तो फोनकडे.

पण वाकल्यानंतर आणि धावण्याआधी... काय केलं मी? एक बांधली आणि दुसरी खिशात टाकली? की एकही बांधली नाही, आणि दुसरी धावताना खालच्या पेंढ्यात पडली? त्याने दुसरा खिसा चाचपला. खोकल्याची गोळी सापडली. पट्टी नव्हती.

आज पहाटे समितीची बैठक होती म्हणून तो धारा काढायला न थांबताच निघाला होता. लोर्ना एका रांगेला. आणि दुसऱ्या रांगेला, विनीच्या रांगेला, बाबा.

तो उठला. शेजारच्या खुर्चीतल्या ग्रेटा सॅन्बर्नने — तीस वर्षं शाळेत पोरांना दटावून आता सदस्यांना दटावणाऱ्या — चष्म्यावरून पाहिलं.

'कुठे निघालास? तुझं विधेयक पहिलंच आहे.'

'फोन करून येतो.'

'गाय व्यायली वाटतं. व्यायलीच असणार. दुसऱ्या कशासाठी तुझा चेहरा असा होत नाही.'

बाहेरच्या दालनात भिंतीत बसवलेल्या लाकडी फोनच्या खोल्या होत्या, कपाटासारख्या, दार लावलं की आतला दिवा लागणाऱ्या. त्याने दार लावलं. आज दूध न्यायला नॉर्मचा टँकर येणार होता. नॉर्म आपलं दूध नेतो, मग खालच्या वळणावरच्या दोन घरांचं नेतो, सगळं एकाच टँकरच्या पोटात. आकडे फिरवताना बोट दोनदा घसरलं. आणि आकडे फिरवतानाच, टँकर, दूध, शेजारी या सगळ्याच्या खालून, ज्याची खरी भीती वाटत होती ते वर आलं.

बेव्ह.

बेव्ह म्हणजे थोरली बहीण, बर्लिंग्टनला दवाखान्यात परिचारिका. म्हाताऱ्यांचं काय होतं ते रोज डोळ्यांनी बघणारी, त्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही. गेल्या वर्षभरात बाबांचं काय काय झालं होतं ते तिला तोंडपाठ. कुंपणाचं फाटक उघडं राहिलं आणि कालवडी रस्त्यावर गेल्या ते. पेंडीच्या दुकानात ट्रक घेऊन गेले आणि शीळ घालत चालत परत आले, ट्रक तिथेच — ते. नाताळच्या जेवणानंतर बाबा खुर्चीत डुलकी घेत होते तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली होती, 'हे बघ रॉयस, तुमच्या गोठ्यात औषधं आहेत, यंत्रं आहेत, पंधरा-पंधरा मणांची जनावरं आहेत. यापुढे एकदा, फक्त एकदा जरी त्यांच्या हातून काही चुकलं ना, तर बाबा गोठ्यात पाय ठेवणार नाहीत. आत्ता कबूल कर माझ्यासमोर.' त्याने कबूल केलं. काय करणार? तिचं बरोबर होतं. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा एका गाईची कास पुसत होते, पाठमोरे, आणि मागे न वळता म्हणाले, 'मला खुर्चीत बसवू नका रे. खुर्चीत बसवलंत तर मरायला मी फार वेळ लावीन.'

म्हणजे डुलकी नव्हतीच ती.

'दूधघर,' पलीकडून आवाज आला. बाबा फोन असाच उचलत, जणू ते एखाद्या कचेरीचं नाव आहे.

'बाबा, मी बोलतोय. नॉर्म आला का?'

'आलाय की. नळी जोडतोय. आज त्याच्या बायकोने डोनट दिलेत आपल्याला, पाकात बुडवून खाण्यासारखे. तुझ्या वाटणीचा मी खाल्ला.'

'त्याला थांबवा. आधी थांबवा, बाबा. विनीचं दूध टाकीत गेलंय का?'

पलीकडे टाकी थंड ठेवणाऱ्या यंत्राची घरघर होती, रेडिओवर कुणीतरी गात होतं, आणि या सगळ्यांच्या मध्ये म्हातारा माणूस उभ्या उभ्या विचार करत होता, त्याचा श्वास होता.

'विनीला औषध दिलंय?'

'काल संध्याकाळी. दगडी झालीय तिला.'

'अरे देवा.' मग आणखी थोडा श्वास. मग अगदी हळू, घाबरलेलं पोर मास्तरांना विचारतं तसं त्यांनी विचारलं, 'पट्टी होती का रे तिला?'

हाच तो क्षण. पट्टी रॉयसच्या मुठीत होती. नख रुतावं इतकी घट्ट. 'माझ्या हातात आहे, बाबा' — एवढंच म्हणायचं होतं. सोपं होतं. आणि त्याने तोंड उघडलंही, पण बाहेर पडलं ते दुसरंच, शांत, भारदस्त आवाजात, ज्या आवाजात तो समितीसमोर बोलत असे:

'आपण दोन्ही पायांना बांधतो, बाबा.'

खोटं नव्हतं. कुणी शपथ घालून विचारलं असतं तरी खोटं ठरलं नसतं. आपण दोन्ही पायांना बांधतो, ही वस्तुस्थिती आहे, गाव जाणतं. पन्नाशीला टेकेपर्यंत त्याला असं बोलता येत नव्हतं. गोठ्यात असं बोलायची गरजच पडत नाही, गाय आजारी आहे किंवा नाही, दूध चांगलं आहे किंवा नासलं आहे. खरं बोलत बोलत खोटं कसं सांगावं ही विद्या दोन वर्षांत त्याला सभागृहाने दिली होती, फुकट, आणि ती पहिल्यांदा कुठे वापरली म्हणाल तर इथे. बापावर.

'हो,' बाबा म्हणाले. 'हो, दोन्ही पायांना. म्हणजे मग... मलाच दिसली नाही.'

रिसीव्हर फळीवर ठेवल्याचा आवाज आला. लांब जाणारी पावलं, रबरी बुटांची. 'नॉर्म! ए नॉर्म, सोड ते!' मग काहीच नाही. मग टाकीखालची झडप उघडल्याचा आवाज, तो त्याने झोपेतही ओळखला असता, आणि दूध फरशीवरून गटाराकडे धावू लागलं. बराच वेळ धावत होतं. तो ऐकत उभा राहिला, लाकडी कपाटात, कोट घालून.

एक प्रश्न विचारायचा राहिला होता. जरा जाऊन बघा ना, बाबा — आत्ता आहे का तिच्या पायाला पट्टी? एका तरी? दहा पावलांचं काम. दोघांपैकी कोण चुकला ते कळलं असतं. तो प्रश्न त्याला सुचला नाही असं नाही. चांगला सुचला, शब्दांसकट. आणि त्याने तो जिभेखाली धरून ठेवला.

'सगळं सोडून दिलं,' बाबा परत आले, धापा टाकत. 'टँकरमध्ये थेंब नाही गेला. खालच्या लोकांचं दूध वाचलं, एवढं बरं झालं. नॉर्म चांगला आहे, काही बोलला नाही, माझ्याकडे बघून नुसती टोपी खाली ओढली.' थांबले. 'रॉयस.'

'हं.'

'बेव्हला नको सांगूस.'

'नाही सांगत.'

'लोर्नालाही...'

'नाही, बाबा.'

'फार उपकार झाले रे पोरा,' बाबा म्हणाले.

*

सभागृहात परतला तेव्हा विधेयक वाचून झालं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाने गाडी चालवण्याची परीक्षा पुन्हा द्यावी, असं ते विधेयक. सभागृहातले निम्मे लोक शेतकरी, निवृत्त मास्तर, दुकान पोराच्या हाती देऊन आलेले दुकानदार — त्यात पंचाहत्तरी ओलांडलेले कमी नव्हते, त्यामुळे सकाळपासूनच हवेत जरा चुळबूळ होती. डोंगरापलीकडच्या एका गावचे सदस्य काठी टेकत उभे राहिले.

'अध्यक्ष महाराज, परीक्षेला बसायला माझी काही हरकत नाही. परीक्षा कुठे आहे तेवढं मला दोनदा सांगा.'

हशा. अध्यक्षही हसले. ग्रेटा कोपराने ढोसत म्हणाली, 'ह्यांच्या मागे माझी गाडी होती काल. परीक्षा नको, ह्यांना रस्ताच वेगळा द्या.' रॉयस हसला. ओठ हसले.

एवढं काय झालंय, तो स्वतःला सांगू लागला. दूध सांडलं. टाकीभर दूध सांडलं म्हणून कुणी मेलं नाही. बेव्हला कळणार नाही, लोर्ना विचारेल तर सांगता येईल काहीतरी, थंड करायचं यंत्र बिघडलं म्हणता येईल... बघा, तयारच होतं उत्तर, मागितलं नाही तरी पुढे आलं. आणि बाबा गोठ्यात राहतील. म्हणजे माझ्या खोट्यामुळे त्यांचं काही गेलं नाही. उलट आता मी त्यांना सांभाळून घेतोय. उपकार झाले म्हणाले ना ते? म्हणाले. बापाने माझे उपकार मानले, मी केलेल्या चुकीबद्दल... मी केलेल्या? हे तरी कुठे ठरलंय? एक बांधली असेल. एका पायाला असेल. बाबा डावीकडून बसले असतील, पट्टी उजव्या पायाला असेल. असं झालं असेल तर चूक निम्मी-निम्मी. दोघेही विसरलो. पण माझ्या विसरण्याला घाई म्हणतात, कामाचा ताण म्हणतात, प्रतोदाचा फोन म्हणतात. आणि त्यांच्या विसरण्याला बेव्ह एक लांबलचक नाव घेते, ज्याला औषध नाही.

'टनब्रिजचे सन्माननीय सदस्य,' अध्यक्ष म्हणाले.

तो उभा राहिला. या भाषणाची तयारी त्याने आठवडाभर गाडी चालवताना केली होती, मोठ्याने, वायपरच्या तालावर. विरोधात बोलायचं होतं. बाबांसाठीच बोलायचं होतं.

'अध्यक्ष महाराज,' तो म्हणाला, आणि तोच आवाज आला, भारदस्त, शांत, 'माझे वडील ऐंशीचे आहेत. आज पहाटेही ते गोठ्यात होते. आमच्या प्रत्येक गाईची आई, आजी आणि पणजी त्यांना नावानिशी ठाऊक आहे. मला विचाराल तर मला माझ्या पणजीचं नाव सांगता येणार नाही.' हसू पिकलं, जिथे पिकेल असं त्याला वाटलं होतं तिथेच. 'त्यांना काल संध्याकाळी काय जेवलो ते आठवत नसेल. पण काय करायचं आणि कसं करायचं, ते त्यांच्या हातांना आठवतं. माणसाच्या डोक्यात काय उरलंय आणि काय गेलंय हे कागदावर तपासणारे आपण कोण? आणि त्याच्याकडून किल्ली काढून घेतली, तर त्याच्याकडे मागे काय ठेवणार आहोत आपण? एक खुर्ची?'

सभागृहात टाळ्या वाजवायची रीत नाही. पण टेबलांवर बोटं वाजली, इकडून, तिकडून, मग सगळीकडून. काठीवाल्या सदस्यांनी डोळे पुसले. ग्रेटाने त्याचा हात दाबला आणि तिला शोभणार नाही अशा मऊ आवाजात म्हणाली, 'तुझ्या वडिलांनी हे ऐकायला हवं होतं रे.'

खुर्ची. खुर्ची हा शब्द बाबांचा होता. त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडून चोरून इथे मांडला, आणि ज्याच्या नावाने मांडला त्याला दोन तासांपूर्वी... माझी छाती फुटत का नाही? त्याला खरोखर आश्चर्य वाटलं. छाती फुटत नव्हती, उलट बोटांचा तो टकटकाट अजून अंगावर होता, उबदार, आणि तो त्याला हवाहवासा वाटत होता. याचाच त्याला सगळ्यात जास्त तिटकारा आला. जेवणाची सुट्टी झाली, मतदान सुट्टीनंतर, आणि लोक पाठीवर थापा मारायला येऊ लागले तसा तो त्यांच्यामधून वाट काढत, कुणाचा तरी पाय तुडवत, फोनकडे पळाला.

सांगायचं. आत्ताच्या आत्ता. मागचापुढचा विचार केला की सभागृह तोंडात येऊन बसतं. विचार न करता सांगायचं.

फोन घरात उचलला गेला, दूधघरात नाही; मागे यंत्राची घरघर नव्हती. बाबा या वेळी घरात?

'बाबा, नीट ऐका. पट्टी मी बांधलीच नव्हती. ती माझ्या खिशात आहे. कोटाच्या खिशात. काल फोन आला आणि मी तसाच धावलो. चूक माझी आहे. तुमची नाही. ऐकताय ना?'

बाबा हसले. थकलेलं, लाडाचं हसू, त्याच्या लहानपणीचं.

'तुला खोटं बोलता कधी आलंच नाही बघ. आठवतं का, शाळेच्या खिडकीची काच तू फोडलीस आणि मला सांगितलंस की कोंबडीने फोडली?'

'बाबा, खोटं नाही हे! सकाळी खोटं बोललो होतो. आत्ता खरं सांगतोय.'

'सकाळी कुठे काय म्हणालास तू? दोन्ही पायांना बांधतो म्हणालास. बांधतोच की आपण.'

त्याने कपाळ लाकडाला टेकलं. 'मग जाऊन बघा, बाबा. विनीच्या पायाला आहे का ते बघा. नसेल तर मी बांधली नव्हती.'

'आहेत. दोन्ही पायांना आहेत. नॉर्म गेल्या गेल्या मी नव्या बांधल्या. परत तसं व्हायला नको म्हणून.'

'पण त्याच्या आधी? नव्या बांधताना जुनी होती का? एक तरी?'

बाबा प्रामाणिकपणे शोधत होते, त्या अंधाऱ्या खोलीत एकेक वस्तू हाताने चाचपत होते, हे त्याला तारेतून कळत होतं, आणि तो देवाची प्रार्थना करत होता — सकाळी केली नव्हती ती — की नव्हती म्हणा. नव्हती म्हणा बाबा.

'होती,' बाबा म्हणाले. 'डाव्या पायाला होती. शेणाने माखलेली. आता आठवतंय मला. मी बघितलीही होती पहाटे, बरं का. बघितली, आणि तरी यंत्र लावलं. बघून कळलं नाही मला की ती कशासाठी आहे.'

'असं नाही झालेलं, बाबा.'

'झालंय रे. तू का रडतोस?'

'रडत नाहीये.'

'तुझा स्वभावच मऊ, तुझ्या आईसारखा. मला वाचवायला बघतोयस. पण मी बेव्हला फोन केला.'

'काय?'

'मघाशी. सकाळी तुला म्हटलं ना, नको सांगूस — मग खुर्चीत बसलो जरा, आणि वाटलं, आपण आयुष्यात कधी दुधात पाणी घातलं नाही, आणि आता पोराला खोटं बोलायला लावतोय. आवडलं नाही मला ते. म्हणून मीच सांगितलं तिला सगळं. ती बरी बोलली. रागावली नाही. रविवारी येतेय.' मग आवाज खाली आणून, काहीतरी गुपित सांगावं तसं, 'बूट मी दाराबाहेर ठेवलेत. संध्याकाळच्या धारांना जाणार नाही. लोर्नाला एकटीला जड जाईल, तू जरा लवकर ये.'

'बाबा, मी येतो. आत्ता निघतो. मी बेव्हशी बोलतो, तिला पट्टी दाखवतो—'

'मतदान करून ये,' बाबा म्हणाले. 'लोकांनी निवडून दिलंय तुला. आणि बेव्हला कोंबडीची गोष्ट नको सांगूस हं.' आणि त्या विनोदावर स्वतःच हसत त्यांनी फोन ठेवला.

*

बेव्ह पट्टी बघेल. बेव्ह म्हणेल, रॉयस, खिळ्यावर अशा ढीगभर पट्ट्या आहेत. म्हणेल, तू चांगला मुलगा आहेस. लोर्ना मान हलवेल. नॉर्म टोपी खाली ओढेल. मी ओरडेन, मी चर्चमध्ये उभा राहून ओरडेन की मी केलं, मी केलं, आणि सगळं गाव म्हणेल, बघा किती माया आहे बापावर. माझ्या हातून खरं बोलायची वेळ निघून गेली. ती सकाळी होती, एका श्वासाएवढी. आता जे काही बोलेन ती दया. मला या जगात कुणी अपराधी म्हणायला तयार नाही...

सभागृह भरलं होतं. नावं पुकारून मतदान व्हायचं होतं, मागणी तशी आली होती. लेखनिक उभे राहून आडनावांच्या अक्षरांनी एकेक नाव घेऊ लागले, आणि जो तो बसल्या जागेवरून एकच शब्द उच्चारू लागला. होय. नाही. नाही. होय. 'क' लवकर येतो.

तो डोळे मिटून मनातल्या मनात विनीच्या मागे वाकला. या वेळी नीट बघायचं. औषधाची रिकामी नळी डाव्या हातात, पट्ट्या उजव्या. कंबरेत कळ. विनीचा गुडघ्याखालचा गरम, ओलसर केस असलेला पाय. आता फोन वाजू दे. आताच वाजू दे, हात पायाला लागायच्या आधी वाजू दे — चूक माझी असू दे, सगळी, संपूर्ण, एकट्याची. तो जीव तोडून वाट पाहत होता. पण फोन वाजेना. हात पुढे गेला, पट्टी पायाभोवती फिरली, खरखर करून चिकटली, विनीने पाय झटकला, आणि त्याने बोटाने ओढून बघितली, सैल नाही ना. इतकं स्पष्ट दिसलं ते. डावा पाय. पट्टीला शेण. हे आठवलं की आत्ता बनवलं? बाबांनी सांगितलं म्हणून दिसलं, की होतं म्हणून दिसलं? तो दोन्हींमध्ये हात घालून फरक शोधू लागला आणि फरक सापडेना. आठवणीला आणि बनवलेल्याला एकच ऊब होती, एकच वास होता. बाबाही असेच शोधत होते मघाशी तारेच्या टोकाला. आणि शोधून जे हाती लागलं ते त्यांनी इमानदारीने उचलून माझ्या हातात दिलं. एवढाच आमच्यात फरक. त्यांनी घाबरत घाबरत स्वतःविरुद्ध उचललं, आणि माझं मन, मी इतकी विनवणी करत असताना, माझ्याच बाजूने साक्ष द्यायला उभं राहतंय...

'रॉयस,' ग्रेटा कुजबुजली. 'अरे, तुझं नाव.'

त्याने डोळे उघडले. लेखनिक त्याच्याकडे पाहत होते. अध्यक्ष पाहत होते. काठीवाले सदस्य वळून, अजून ओल्या असलेल्या डोळ्यांनी, प्रेमाने पाहत होते. विधेयक कशाबद्दल होतं ते त्याला ठाऊक होतं, आपण कुठल्या बाजूचे तेही ठाऊक होतं, आणि तरी तो शब्द, दोनच शब्दांतला एक, कुठे ठेवलाय ते त्याला आठवेना. तो शोधत राहिला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की लेखनिकांनी मान खाली घातली आहे आणि पुढचं नाव घेतलं आहे, पुढच्याने उत्तर दिलं आहे, ग्रेटा अविश्वासाने त्याच्याकडे बघते आहे — म्हणजे तो बोलला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी बोलला होता. काय बोललो, हे शेजारणीला विचारायला तो तिच्याकडे झुकला, आणि विचारण्याचा धीर त्याला झाला नाही.